पोटावरचा हात

शाळेत येणाऱ्या रजेच्या चिठ्ठ्या आम्ही फेकून देत नाही. वर्षअखेरीस त्या एकत्र वाचल्या की मोहल्ल्याच्या तब्येतीचा बराच अंदाज येतो. ताप, सर्दी, मामूच्या घरचे लग्न ही नेहमीची कारणे सोडली, तर एक कारण दरवर्षी ठरलेले असते. "मुलाची नाफ सरकली होती, म्हणून काल शाळेत आला नाही." मराठी शाळेतल्या आमच्या मैत्रिणी सांगतात की त्यांच्याकडेही हेच लिहून येते, फक्त तिथे नाफेऐवजी बेंबी सरकलेली असते. नगरच्या झेंडीगेटपासून शेवगाव-पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण तोंडातले नगर काही जात नाही) पोटात मुरडा आला, जुलाब लागले, जेवण जाईनासे झाले की पहिला संशय नाफेवर आणि पहिली फेरी पोट चोळून देणाऱ्या बाईकडे.

या सदराच्या निमित्ताने भेटणाऱ्या भगिनींपैकी अनेकींनी अलीकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. डॉक्टर म्हणतात आयबीएस आहे. गोळी घेतली की चार दिवस बरे, पुन्हा तेच. मग पोटाची मालिश करून घेतली तर चालेल का? काहींनी "चालेल का" असे न विचारता हळू आवाजात "आम्ही घेतोच, पण डॉक्टरांना सांगत नाही" असे सांगितले. तेव्हा या वेळी हाच विषय घेऊ.

आधी दुखण्याची ओळख. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. कुणी त्याला चिडखोर आतडे म्हणते, जुनी माणसे संग्रहणी म्हणतात. संग्रहणी हा शब्द जरा सैल आहे, त्यात आतड्याचे इतरही रोग येतात; चिडखोर आतडे हे नाव मात्र नेमके बसते. या दुखण्यात आतड्याला जखम नसते, गाठ नसते. सोनोग्राफी साफ, रक्त साफ, दुर्बीण घालून पाहिले तरी साफ. बिघाड असतो तो आतड्याच्या चालीत आणि हळवेपणात. आतडे कधी घाईने आकसते, कधी सुस्त पडते, आणि दुसऱ्याला ज्याची जाणीवही होणार नाही एवढ्याशा वायूने या माणसाच्या पोटात कळ उठते. जगभरचे डॉक्टर २०१६ सालापासून जी व्याख्या वापरतात ती साधी आहे. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखणे, आणि त्याबरोबर तीनपैकी दोन गोष्टी : दुखण्याचा संबंध शौचाशी असणे, शौचाची वारंवारता बदलणे, शौचाचे रूप बदलणे. शिवाय तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. कुणाला मलावरोध जास्त, कुणाला जुलाब, कुणाला आलटून पालटून दोन्ही.

आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचे जाळे असते आणि त्याची मेंदूशी सतत बोलणी चालू असतात. हे आम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा परीक्षेच्या दिवशी जास्त पटते. पहिला पेपर गणिताचा असला की साडेदहा वाजता संडासाबाहेर रांग लागते. त्या मुलांपैकी एकही नाटक करत नसतो. पोट खरेच दुखत असते. पेपर संपला की ते थांबते, हेही तितकेच खरे. आयबीएसच्या माणसाचा पेपर संपत नाही, एवढाच फरक समजा.

आमच्याच एका सहकारी शिक्षिकेचे पाहा. तिच्या परवानगीने लिहितो आहोत, नाव मात्र छापू नका म्हणाली. रोज सकाळी बसने तालुक्याच्या गावाकडे जाते. फजरनंतर तीनदा संडासला जाऊन येते, तरी बस शहराबाहेर पडली की मुरडा सुरू. रस्त्यात कोणत्या पेट्रोल पंपावर बायकांसाठी नीट कडी लागणारे संडास आहे ते तिला तोंडपाठ आहे. सकाळचा चहा शाळेत पोचल्याशिवाय घेत नाही. लग्नाला गेली तर दस्तरखान नंतर, आधी मोरी कुठे आहे ते पाहते. आठ वर्षे हे चालले आहे. तपासण्या दोनदा झाल्या, दोन्ही वेळा सगळे नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटत "काही नाही, टेन्शन घेऊ नका" असे सांगितले. घरी सासूबाई म्हणाल्या, "रिपोर्ट तो सब अच्छे हैं, फिर काहे का दर्द?" साफ रिपोर्ट हा तिच्याच विरुद्धचा पुरावा ठरला. आयबीएसच्या बाईचे निम्मे दुखणे पोटात असते आणि निम्मे या वाक्यात.

ती शेवटी गेली मोहल्ल्यातल्या खालांकडे. खालांचे वय साठीच्या पुढे. जन्मभर बाळंतिणींची आणि बाळांची अंगे चोळली. आता चाळीस दिवस मालिश करून घेणाऱ्या कमी झाल्या आहेत, पण पोटवाले येतच असतात. त्यांची पद्धत आम्ही जवळ बसून पाहिली आहे. बाईला उताणे निजवतात, तीन बोटे बेंबीवर दाबून धडधड पाहतात. ती मधोमध लागली नाही की निकाल जाहीर : "नाफ सरक गई ना, बेटा." मग कोमट तेल हातावर घेऊन कडेकडून बेंबीकडे चोळत आणतात. दुखणे जुने असेल तर बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून वर तांब्या उपडा घालतात; दिवा विझतो, तांब्या कातडीला घट्ट धरतो. शेवटी पायाचे अंगठे ओढून त्यांना काळा दोरा बांधतात. हे सगळे चालते अर्धा तास, आणि तो अर्धा तास खाला विचारत राहतात. झोप येते का, घरात कोण काय बोलले, माहेरी कधी गेली होतीस. पैसे? हातावर ठेवाल ते.

आता यातले खरे किती? बेंबी सरकत नाही. आईच्या पोटात असताना ज्या नाळेने पोषण मिळाले ती गळून पडल्याची ती खूण आहे, ती जागा सोडून जाऊ शकत नाही. बोटांना लागणारी धडधड खरी असते, पण ती बेंबीची नसते. हृदयापासून निघालेली शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी पाठीच्या कण्यालगत खाली उतरते आणि साधारण बेंबीच्या पातळीवर तिच्या दोन शाखा होतात. अंगाने बारीक माणसाला दाबून पाहिले तर ती ठोके देताना सहज लागते. ही रोहिणी मुळातच मध्यरेषेपासून किंचित डावीकडे असते. म्हणजे धडधड मधोमध लागली नाही हे सरकलेल्या नाफेचे लक्षण मानायचे ठरवले, तर निरोगी माणसाचीसुद्धा नाफ सरकलेली निघेल!

हे वाचून कुणी म्हणेल, समजूत चुकीची असेना, चोळल्याने कुणाचे वाईट तर होत नाही? इथे आम्ही थांबतो, कारण वाईट झालेले पाहिले आहे. आमच्या नात्यातला तेरा वर्षांचा मुलगा. संध्याकाळी बेंबीभोवती दुखू लागले, एकदा उलटी झाली. घरातल्यांनी नाफ सरकली म्हणून रात्रीच चोळून घेतले. सकाळी दुखणे उजवीकडे खाली गेले, अंग तापले. पुन्हा चोळले, दोरा बांधला. तिसऱ्या दिवशी पोट लाकडासारखे झाले तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी आणले. अपेंडिक्स फुटून पू पसरला होता. मुलगा वाचला, अल्लाहचा शुक्र आहे, पण जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात होता आणि घरातला दागिना गेला. अपेंडिक्सचे दुखणे पुष्कळदा आधी बेंबीपाशी सुरू होते आणि काही तासांनी उजव्या बाजूला खाली सरकते. सरकते ते दुखणे. त्या वेळी पोटावर दिलेला प्रत्येक दाब धोक्याचा असतो. म्हणून अचानक उठलेले, वाढत जाणारे, ताप किंवा उलटी घेऊन आलेले पोटदुखणे हे चोळण्याचे दुखणे नाहीच. तिथे तेलाची बाटली कपाटात आणि रिक्षा दारात.

अचानक नसलेल्या, महिनोन्महिन्यांच्या दुखण्यातही काही खुणा आयबीएसच्या नसतात. शौचातून रक्त पडणे, वजन घटत जाणे, अंगात रक्त कमी होणे, संध्याकाळचा बारीक ताप, दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येणे, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणे, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे. आपल्याकडे आतड्याचा क्षयही होतो. तो सुरुवातीला अगदी आयबीएससारखाच वागतो. या खुणांपैकी एकही असेल तर आधी तपासणी. मालिशचा प्रश्न त्यानंतरचा.

तर मग आमच्या सहकारी शिक्षिकेला खालांकडून आल्यावर बरे का वाटत होते? कारण खरेच बरे वाटत होते. ती चार-पाच दिवस नीट जेवायची. याचे उत्तर शोधताना अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातला एक प्रयोग आम्हाला फार बोलका वाटला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. आयबीएसचे २६२ रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला काहीच उपचार नाही, नुसती तपासणी आणि प्रतीक्षा. दुसऱ्या गटाला खोटे अॅक्युपंक्चर, म्हणजे कातडीत न शिरणारी सुई, आणि बोलणे कामापुरते. तिसऱ्या गटालाही तीच खोटी सुई, पण उपचार करणारा आधी पाऊण तास बसून विचारपूस करायचा, ऐकून घ्यायचा, धीर द्यायचा. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असे सांगणारे पहिल्या गटात १०० पैकी २८, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२. सुई दोन्हीकडे खोटीच होती. फरक पडला तो माणसाचा. खालांचा दिवा, तांब्या आणि दोरा बाजूला काढला तरी तो अर्धा तास उरतो. त्यात एक बाई दुसऱ्या बाईच्या पोटावर हात ठेवून "और बता" म्हणते. आमच्या सहकारी शिक्षिकेला गेल्या आठ वर्षांत घरात, शाळेत किंवा दवाखान्यात असा अर्धा तास कुणी दिला नव्हता.

पण सगळे श्रेय ऐकून घेण्याला देऊन हातावर अन्याय नको. मलावरोधावर पोटाच्या मालिशचे प्रयोग झाले आहेत. स्वीडनमध्ये ६० जणांवर झालेला प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या रेचकांसोबत आठवड्यातून पाच दिवस, रोज पंधरा मिनिटे हलकी मालिश दिली. आठ आठवड्यांनी त्यांना शौचास जास्त वेळा होऊ लागले आणि पोटदुखी कमी झाली. रेचके मात्र सुटली नाहीत. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मालिश औषधाच्या जोडीला बसली, औषधाच्या जागी बसली नाही. ब्रिटनमध्ये मज्जासंस्थेच्या एका आजारातल्या १९१ रुग्णांवर याहून मोठा प्रयोग झाला, २०१८ साली त्याचा निकाल आला. तिथे मुख्य मोजमापात फारसा फरक दिसला नाही. खास आयबीएससाठी म्हणावा असा भक्कम पुरावा अजून नाही, जे प्रयोग आहेत ते छोटे आहेत. तेव्हा "मालिशने आयबीएस मुळासकट जातो" असे कुणी सांगत असेल, मग तो मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस असो की पाच हजारांचे पॅकेज विकणारे सेंटर असो, त्याला दुरून सलाम करावा. पायाच्या तळव्याचे बिंदू दाबून आतडे बरे करण्याच्या पद्धतीबद्दल तर ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात २००८ सालीच स्पष्ट लिहिले गेले की आयबीएससाठी तिला प्रोत्साहन देऊ नये. खालांच्या अंगठा ओढण्याला आम्ही त्याच खात्यात टाकतो.

आपल्या घरांत मालिशला वडीलधाऱ्यांची मान्यता आहे ती युनानीमुळे. युनानीत तिला 'दलक' म्हणतात आणि 'इलाज बित-तदबीर'मध्ये, म्हणजे औषधाशिवाय राहणीतून आणि बाह्य उपायांतून करायच्या इलाजात, हम्माम आणि हिजामाच्या बरोबरीने तिची गणना होते. इब्ने सीना (९८० ते १०३७) यांनी 'अल-कानून'मध्ये दलकचे प्रकार पाडले आहेत : जोराची मालिश अंग घट्ट करते, हलकी सैल करते, फार वेळची अंग झडवते आणि बेताची भरवते. हजार वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाला जोर आणि वेळ यांचा हिशोब ठेवावासा वाटला. आपल्याकडे मात्र "जरा दाबून चोळ, त्याशिवाय गुण येत नाही" हाच आग्रह असतो. आकसलेल्या आतड्याला सैल करायचे आहे, तर हात हलकाच हवा. (जाता जाता : पाटण्याचे शेख दीन मुहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ब्रायटन गावात वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली आणि त्यावर १८२२ साली पुस्तकही लिहिले. राजाने त्यांना आपला चंपीवैद्य नेमले. आपण डोक्याला लावतो तो शॅम्पू हा शब्द याच चांपण्यातून आलेला. दम्यापासून लकव्यापर्यंत सगळ्यावर गुण येतो असे त्यांचेही म्हणणे होते, म्हणजे पॅकेजवाल्यांची परंपराही जुनीच.)

ज्या भगिनीचे निदान झाले आहे, वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नाहीत आणि तक्रार मुख्यतः मलावरोधाची, पोट फुगण्याची आहे, तिने काय करावे ते सांगतो. यासाठी कुणाकडे जाण्याची गरज नाही, स्वतःचा हात पुरतो. पडद्याचा प्रश्नही उरत नाही. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या. उताणे निजा, गुडघे वर घ्या आणि त्यांच्याखाली उशी सरकवा, म्हणजे पोटाची कातडी सैल पडते. हात गरम असावेत; खोबरेल किंवा तिळाचे तेल चार थेंब बस्स, तेलाचा काम फक्त हात सरकवणे एवढेच आहे. आता मोठ्या आतड्याचा रस्ता लक्षात घ्या. तो उजव्या जांघेच्या वर सुरू होतो, उजव्या बरगडीपर्यंत वर चढतो, तिथून आडवा डाव्या बरगडीकडे जातो आणि डावीकडून खाली उतरतो. हातानेही त्याच वाटेने जायचे : उजवीकडून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली. पोटावर घड्याळ ठेवले आणि समोरच्याने ते वाचले, तर त्याचे काटे ज्या दिशेने फिरतील ती ही दिशा. उलटे फिरू नका. दाब एवढाच की कणीक मळताना द्याल त्याच्या निम्मा; दुखले तर तेवढाही नको. श्वास संथ, सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ. दहा ते पंधरा मिनिटे पुरेत, आठवड्यातून पाच दिवस, आणि निदान महिना-दीड महिना. पहिल्या दिवशी काही होणार नाही. ज्यांना जुलाबाचाच त्रास आहे त्यांनी आतडे ढकलणारी ही मालिश करू नये. नुसता गरम हात किंवा कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी बेंबीखाली ठेवून तोच संथ श्वास घ्यावा. गरोदर बाई, पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेली, हर्निया असलेली, ताप असलेली, पोटात गाठ लागत असलेली, यांनी यातले काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि दिवा-तांब्या तर कुणीच नको, भाजल्याचे डाग आम्ही पाहिले आहेत.

कठीण आहे ती मालिश नाही. कठीण आहेत ती पंधरा मिनिटे. घरातली बाई दिवसा दार लावून पंधरा मिनिटे आडवी झाली तर तीन जण दार वाजवतात. सहकारी शिक्षिकेने असरनंतरची वेळ ठरवली तेव्हा पहिल्या आठवड्यात रोज कुणाला तरी नेमकी त्याच वेळी साखर सापडत नव्हती. शेवटी तिच्या शोहरनी मुलांना बाहेर बसवून ठेवायला सुरुवात केली. हे वाचणाऱ्या भाईंना आमचे एवढेच सांगणे, की औषधाची पिशवी आणून देणे सोपे असते, दाराबाहेर बसणे त्याहून जास्त उपयोगी पडू शकते.

खाण्याबद्दल दोनच शब्द, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हॉलंडमध्ये २७५ रुग्णांना बारा आठवडे तीन वेगवेगळ्या पुड्या दिल्या : इसबगोल, गव्हाचा कोंडा आणि साधे तांदळाचे पीठ. २००९ साली निकाल आला. इसबगोलने फायदा झाला, कोंड्याने पुष्कळांचा त्रास वाढून त्यांनी मध्येच सोडला. आपल्याकडे मलावरोध म्हटले की कोंड्याची भाकरी सुचवणारे फार. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, हळूहळू वाढवा, आणि वर भरपूर पाणी. पाणी कमी पडले तर तोच पोटात अडून बसतो. ठेचा बंद करावा का, हे ज्याचे त्याने दोन आठवडे बंद करून पाहावे. नगरकराला याहून कडक सल्ला देण्याची आमची छाती नाही.

रमजानमध्ये हे दुखणे दोन रूपे दाखवते. काहींना रोज्याने आराम पडतो, दिवसभर आतड्याला विश्रांती मिळते. काहींचे इफ्तारनंतर हाल होतात, आणि त्यात रोज्यापेक्षा भज्यांचा हात मोठा असतो. खजूर, पाणी, मग मगरिब, मग साधे जेवण, असे दोन टप्पे केले तर पुष्कळ फरक पडतो. इसबगोल इफ्तार आणि सेहरीच्या मधल्या वेळेत, पाण्यासह. जुलाब आणि अशक्तपणा फार असेल तर रोजा ठेवावा की नंतर कजा करावा, हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा. आजाऱ्याला सवलत आहेच.

आणि एक गोष्ट जी भगिनी कानात सांगतात, ती इथे मोकळेपणाने लिहितो. वायूचा त्रास असला की वुजू टिकत नाही. टिकतो की नाही या धास्तीने पोट आणखी आवळते, आणि आवळले की वायू आणखी अडतो. आमच्या ओळखीच्या एका आपांनी यामुळे तरावीहला जाणे सोडले, मग लोकांत नमाज पढणेच सोडले. एकेका नमाजेला चार-चार वेळा वुजू करून हातांची कातडी निघाली. नुसत्या शंकेने वुजू जात नाही, खात्री हवी, हा मसला आपण लहानपणी मदरशात शिकलेलो असतो, पण दुखण्यात तो आठवत नाही. ज्याला एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू टिकवून फर्ज अदा करण्याइतकीही सवड मिळत नाही, त्याला माजूर म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळी सवलत आहे. तपशील मसलकाप्रमाणे बदलतो, तेव्हा आपल्या आलिमांना विचारा. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून विचारा. वायू दाबून धरल्याने दुखणे वाढते, हे त्या चिठ्ठीत जरूर लिहा.

राहिल्या खाला. त्यांच्याकडे जाणे बंद करा असे सांगणे सोपे आहे, पण कुणी बंद करणार नाही. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच बायांना आरोग्य सेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या अनेकींनी कधी शाळा पाहिली नव्हती. बाळंतपण, लेकरांचे वजन, जुलाबात पाणी पाजणे हे त्या शिकल्याच. त्याबरोबर कोणत्या रोग्याला वेळ न घालवता रुग्णालयात पाठवायचे हेही शिकल्या. या कामासाठी आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोहल्ल्यातल्या खालांकडे हात आहे, सबुरी आहे, बायांचा विश्वास आहे. कमी आहे ती एवढ्याच एका शिक्षणाची.

म्हणून आम्ही आणि सहकारी शिक्षिका एका जुम्याला त्यांच्याकडे जाऊन बसलो. पोटाला हात लावण्याआधी पाच गोष्टी विचारा म्हणालो : ताप आहे का, उलटी झाली का, दुखणे कालपासूनचे की वर्षाचे, शौचातून रक्त जाते का, पाळी चुकली आहे का. खालांनी ऐकून घेतले. पाचवा प्रश्न त्या आधीपासूनच विचारतात, तो आम्हाला शिकवायची गरज नव्हती म्हणाल्या, आणि ते खरे असावे. पहिले दोन विचारायला कबूल झाल्या. रक्ताचे मात्र अडले. "कौन बताएगा मुझे, शरम की बात है." मग त्यांनीच तोड काढली, की तोंडाने विचारण्याऐवजी "डॉक्टर के पास कब गई थी" असे विचारीन आणि ती गप्प राहिली तर चोळणार नाही. नाफ सरकते यावरचा त्यांचा विश्वास तसूभरही हललेला नाही. रोहिणीचे चित्र आम्ही फळ्यावर काढतो तसे वहीत काढून दाखवले, तर म्हणाल्या, "ये तुम्हारे स्कूल में होता होगा."

दिवा-तांब्याबद्दल पुढच्या जुम्याला बोलायचे ठरले आहे.